स्टँड बाय

लग्नाच्या पंगतीत, रेल्वेत, सोसायटीच्या गणपतीत, कुठंही मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे ते विमानासमोर झेंडे हलवतात ते?" नाही हो, ते वेगळे, आम्ही टॉवरमधून रेडिओवर विमानांची ये-जा सांभाळतो. मग थोडं समजावून झालं की दुसरा प्रश्नही ठरलेला. "मग टेकऑफला इंजिन बंद पडलं तर तुम्ही काय करता?"

पहिली सात-आठ वर्षं मी ह्याचं उत्तर फार ऐटीत द्यायचे. रनवे मोकळा करतो, फायरवाल्यांना उठवतो, बाकीची विमानं बाजूला काढतो, पायलटला वाट दाखवतो, वगैरे वगैरे. आता मी म्हणते, "गप्प बसते." लोक हसतात, त्यांना वाटतं मी विषय टाळतेय. नवरा म्हणतो हे घरी जमलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण खरंच, गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि त्याची सुरुवात फार लाजिरवाणी होती. ती आजवर कुणाला धड सांगितलेली नाही म्हणून इथं लिहून टाकते.

एअरपोर्टचं नाव सांगणार नाही, कंपनीचं तर नाहीच. तिन्ही बाजूंनी डोंगर, एकच रनवे, दिवसाकाठी मोजकी विमानं असं ते पोस्टिंग होतं. अलाहाबादच्या ट्रेनिंग कॉलेजमधून बाहेर पडून मला पाचेक वर्षं झाली असतील, म्हणजे नवखी म्हणायला जुनी आणि जुनी म्हणायला नवखी, सगळ्यात धोक्याचं वय. सकाळची शिफ्ट, पाऊस नुकताच सरलेला, हवा अशी स्वच्छ की डोंगरावरची झाडं मोजावीत. एक जेट टेकऑफला निघालं. चाकं उचलली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, काय ते तेव्हा सांगता आलं नसतं, चढ जरा आळशी वाटला एवढंच.

"मेडे, मेडे, मेडे," मग कॉल साइन म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, मग "इंजिन फेल्युअर. स्टँड बाय."

संपलं. मेडे म्हणजे जीव धोक्यात असल्याचा पुकारा, स्टँड बाय म्हणजे थांबा, मी नंतर बोलतो. आवाज सपाट, पोस्टातला माणूस पुढच्या खिडकीवर जा म्हणतो तसा.

मला घाम फुटला. पण ट्रेनिंग डोक्यात पक्कं बसलेलं होतं, इमर्जन्सी आली की ही ही माहिती घ्यायची म्हणजे घ्यायचीच, विमानात माणसं किती, इंधन किती तासांचं, धोकादायक सामान आहे का, पुढं काय करायचा विचार आहे. मी लगेच सुरू झाले. "रॉजर मेडे, से इंटेन्शन्स." उत्तर नाही. मी पाच सेकंद थांबले असेन, तेव्हा ती पाच मिनिटं वाटली. "कन्फर्म पर्सन्स ऑन बोर्ड अँड एन्ड्युरन्स." उत्तर नाही. तेवढ्यात विमानानं उजवीकडं वळायची जागा ओलांडली. जायचा ठरलेला रस्ता होता उजवीकडून आणि हे तर डावीकडं सरकायला लागलं, आणि त्याच बाजूनं एक छोटं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं विमान, पंधरा-सोळा मैलांवरून आमच्याकडं येत होतं! "कन्फर्म टर्निंग राईट!" मी जवळजवळ ओरडलेच.

"निगेटिव्ह. स्टँड बाय."

ह्या वेळी आवाज सपाट नव्हता. आणि खरं सांगते, मला राग आला. भीती नाही, काळजी नाही, राग. मी इथं तुझ्या मदतीला बसलेय आणि तू मला दारात उभं करतोस? त्या रागात मी टर्बोप्रॉपला बाहेर होल्ड करायला, म्हणजे तिथंच घिरट्या घालत थांबायला सांगितलं, ते बरं केलं, आणि त्याच रागात पायलटला माणसं किती म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. माझ्या शेजारी असिस्टंट होता, वयानं मोठा, बोलायला कमी. त्यानं तोवर कंपनीच्या काउंटरवर फोन लावून लोडशीटवरचा आकडा घेऊन कागदावर लिहून माझ्यासमोर सरकवलेला होता. मी तो कागद बघितलाच नाही. जो आकडा माझ्या कोपरापाशी पडला होता तो मी एका इंजिनावर डोंगरात वाट काढणाऱ्या माणसाकडं मागत होते.

वीस-पंचवीस मिनिटांनी ते विमान परत येऊन व्यवस्थित उतरलं. फायरच्या गाड्या मागं धावल्या, लोक जिना उतरून चालत टर्मिनलमधे गेले, काहीजणांनी सेल्फी काढले. कुणाला ओरखडासुद्धा नाही. माझ्या नावावर चूक म्हणून काही लागलंही नाही, उलट वरिष्ठांनी शाब्बास म्हटलं.

संध्याकाळी तो कॅप्टन कागदपत्रं करायला आमच्या ऑफिसमधे आला. पन्नाशीचा, पोट थोडं सुटलेलं, सिनेमातल्या पायलटशी काही संबंध नाही. मी चहा मागवला आणि मनात भांडणाची तयारी ठेवली. तो चिडला वगैरे नाहीच. हिंदीत एवढंच विचारलं की मॅडम, आमच्या कंपनीची इंजिन-आउट प्रोसिजर तुमच्याकडं असते का? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, मग मी डावीकडं का गेलो हे तुम्हाला कळणार तरी कसं. आणि टेबलावरच्या एका जुन्या स्ट्रिपच्या, म्हणजे विमानाची नोंद करायच्या कागदी पट्टीच्या, पाठीमागं त्यानं पेननं चित्र काढून दाखवलं. ती स्ट्रिप माझ्याकडं अजून आहे.

आता हे जरा सविस्तर सांगायला पाहिजे कारण कंट्रोलर असून मला ते आतून कळलेलं नव्हतं, पाठ होतं फक्त.

टेकऑफनंतर विमान ज्या आखलेल्या वाटेनं जातं तिला आम्ही सिड म्हणतो. ती वाट छापील असते, पायलटकडं असते, माझ्याकडंही असते. पण ती आखताना धरून चाललेलं असतं की सगळी इंजिनं चालू आहेत. सिडला कमीत कमी ३.३ टक्के चढ लागतो, म्हणजे एक किलोमीटर पुढं गेलं की ३३ मीटर वर, डोंगर असला तर त्याहून जास्त. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन गेलं की चाकं आत घेतल्यानंतरच्या टप्प्यात नियमाप्रमाणे त्याला किमान २.४ टक्के चढता आलं पाहिजे, म्हणजे किलोमीटरला २४ मीटर. हिशोब करताना त्यातूनही सावधगिरी म्हणून ०.८ टक्के वजा करतात. उरले १६ मीटर. ह्या अशा अशक्त रेघेखाली वाटेतला प्रत्येक डोंगर, प्रत्येक टॉवर किमान ३५ फूट राहिला पाहिजे. ३५ फूट म्हणजे तीन मजली इमारत. आता सिडच्या वाटेवर डोंगर असेल तर ही रेघ त्यात घुसते, साधा हिशोब आहे. म्हणून प्रत्येक कंपनी आपापल्या विमानांसाठी इंजिन गेल्यावर जायची वेगळी वाट आखून ठेवते. कुठं सरळच जायचं, कुठं दरीच्या तोंडाकडं वळायचं, कुठं एका जागी घिरट्या घालत उंची कमवायची. एकाच रनवेवरून एका कंपनीचं विमान सरळ जाईल आणि दुसरीचं वळेल, दोघंही बरोबर.

आणि ही वाट कंपनीची असते. एटीसीची, म्हणजे आम्हा कंट्रोलरांची नाही. माझ्या टेबलावर नसते.

म्हणजे मी त्या माणसाला "उजवीकडं वळतोयस ना" असं दरडावून विचारत होते आणि उजवीकडं त्याच्यासाठी डोंगर होता. तो मला हे सगळं रेडिओवर समजावून सांगू शकला असता, तीस-चाळीस सेकंद लागले असते. तेवढे त्याच्याकडं नव्हते. म्हणून तो "स्टँड बाय" म्हणाला. दोन शब्द.

आमच्यात काहीजण म्हणतात की मग ह्या वाटा एटीसीला देऊन टाका की. बोलायला सोपं आहे. किती कंपन्या, किती जातीची विमानं, प्रत्येकाची वेगळी, बदलत राहणारी, ते बाड घेऊन मी त्या एका मिनिटात काय पानं उलटणार? त्यापेक्षा पायलटनं "कंपनीच्या इंजिन-आउट प्रोसिजरनं जातोय, डावीकडं" एवढं जरी म्हटलं तरी माझं भागतं. बरेच पायलट म्हणतातही. त्या दिवशी त्याला तेवढंही म्हणायला जमलं नाही, आणि जमलं नाही त्यात माझ्या प्रश्नांचा वाटा किती होता ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं.

ते असं झालं. माझ्या मावसबहिणीचा दीर एअरबस उडवतो. पायलटांना दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमधे परीक्षा द्यावी लागते आणि त्यात टेकऑफला इंजिन जाणं हे ठरलेलं. म्हणजे आयुष्यात एकदाही खरं इंजिन न गेलेल्या पायलटची सिममधे मात्र शेकड्यानं इंजिनं गेलेली असतात. त्याच्या ओळखीनं एकदा दिल्लीजवळच्या एका सेंटरमधे मला मागच्या सीटवर बसायला मिळालं. सिममधे एटीसीचा आवाज इन्स्ट्रक्टरच काढतो. हा इन्स्ट्रक्टर जरा मिश्कील होता, मला म्हणाला, "आज खऱ्या एटीसी आल्यात, तर तुम्हीच बोला. नेहमी बोलता तसंच."

बाहेर काचेवर खोटा रनवे, खोटं धुकं. विमान धावायला लागलं. "व्ही वन" असा पुकारा झाला आणि कॅप्टननं थ्रस्ट लिव्हरवरचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दांडीवरचा हात काढून घेतला. व्ही वन म्हणजे ज्याच्या पुढं थांबायचा प्रश्नच संपला तो वेग, त्याच्यानंतर इंजिन गेलं तरी हवेतच जायचं कारण उरलेल्या रनवेत थांबता येणार नाही. हात काढतात तो चुकून थांबवायचा मोह होऊ नये म्हणून. हे मला माहीत होतं. पण तो हात बाजूला जाताना बघणं वेगळं.

आणि धप्प. नाक डावीकडं वळलं, कॅप्टनचा उजवा पाय नाक सरळ ठेवणाऱ्या रडरच्या पेडलवर रुतला, मी मागून बघत होते, मांडी थरथरत होती. नाक वर. "पॉझिटिव्ह क्लाइंब." "गिअर अप." चाकं आत. सारखी टिंग टिंग वाजत होती ती वॉर्निंग बंद केली आणि मग दोघं काहीही करेनात. नुसतं सरळ उडवत होते. पहिल्या चारशे फुटांपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही असा दंडक आहे, आधी विमान उडव, मग कुठं जायचं ते बघ, बोलायचं सगळ्यात शेवटी. मग "मेडे, मेडे, मेडे, इंजिन फेल्युअर, स्टँड बाय" आणि इन्स्ट्रक्टरनं मला कोपरानं ढोसलं.

मी नेहमीसारखी बोलले. "रॉजर मेडे, कन्फर्म पर्सन्स ऑन बोर्ड अँड एन्ड्युरन्स."

त्याच क्षणी को-पायलटचं बोट इंजिनाच्या मास्टर स्विचवर होतं. हा स्विच एकदा बंद केला की ते इंजिन गेलंच समजायचं, म्हणून एकट्यानं बंद करायचा नाही, दोघांनी बघून मगच. को-पायलट म्हणाला, "इंजिन मास्टर वन, कन्फर्म?" आणि माझा प्रश्न त्याच्यावरच जाऊन पडला. ह्या टप्प्याला रेडिओ विमान उडवणाऱ्याकडं असतो, त्यामुळं कॅप्टननं आधी मला उत्तर दिलं, "स्टँड बाय," आणि त्याच दमात को-पायलटला म्हणाला, "कन्फर्म."

इन्स्ट्रक्टरनं सिम थांबवलं. सगळं जागच्या जागी गोठलं, बाहेरचे ढगसुद्धा.

"सर, तुम्ही स्विच बघितला का?"

कॅप्टन दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "नाही."

स्विच बरोबरच होता हो. पण त्यानं बघितला नव्हता. मी विचारलं म्हणून तो माझ्याकडं वळला आणि परत जाताना एक पायरी गाळून गेला. मी मागच्या सीटवर बसून माझ्याच प्रश्नानं काय केलं ते डोळ्यांनी बघत होते. टॉवरमधून मला ते कधीच दिसलं नसतं. तिथून फक्त आवाज येतो आणि आवाज सपाट असतो, कारण तो सपाट ठेवायला त्यांना शिकवलेलं असतं.

चुकीचं इंजिन बंद करणं ही कल्पना नाही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमधे केगवर्थ गावाजवळ बोईंग ७३७ पडलं, ४७ माणसं गेली. बिघडलं होतं डावं इंजिन, बंद केलं गेलं उजवं. त्याच्या चौकशी अहवालातली एक जागा मी दोनतीनदा वाचलीय. कॅप्टन मधेच एकदा स्वतःशी उजळणी करायला लागतो, की थांबा, आपल्याला नक्की काय काय दिसलं होतं, कंप आला, धूर आला... आणि तेवढ्यात रेडिओवर एटीसीचं बोलणं येतं. उजळणी तुटते ती तुटतेच. त्या कंट्रोलरचं काही चुकलं असं कुणी म्हटलेलं नाही. तो त्याचं काम करत होता. मीही तेच करत होते.

आणि तैवानमधलं तैपेई, ४ फेब्रुवारी २०१५. ट्रान्सएशिया कंपनीचं एटीआर जातीचं विमान, टेकऑफनंतर लगेच उजव्या इंजिनाची ताकद गेली, कॅप्टननं डावं बंद केलं. वॉर्निंगपासून नदीत पडेपर्यंत दोन मिनिटंसुद्धा नाहीत, ४३ जण गेले. शेवटच्या सेकंदात कॅप्टनच्या लक्षात आलं की आपण भलत्याच बाजूचा लिव्हर मागं ओढला, ते त्याचं वाक्य रेकॉर्डरवर आहे. तिथं एटीसीचा काही दोष नव्हता. मी फक्त एवढंच सांगतेय की त्या एकदोन मिनिटांत माणसाचं डोकं किती अरुंद होतं.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, आम्ही इस्लामपूरचे. आबांनी आंबा घाटात बरीच वर्षं गाडी चालवली. एकदा श्रावणात दाट धुक्यात वळणावर समोर दरड आली होती, अर्ध्या रस्त्यावर दगडमाती आणि दुसऱ्या बाजूला दरी, मागं घेता येईना कारण मागंही काही दिसेना. गाडीत बायका ओरडायला लागल्या, दोनचार पुरुष पुढं येऊन आबांना सल्ले द्यायला लागले, इकडून घ्या, तिकडून घ्या. कंडक्टर म्हणजे आमचे भाऊकाका, एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस. ते उठले, मधल्या वाटेत आडवे उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना मागं बसवलं. आबांकडं पाठ करून उभे राहिले. आबांना एक शब्द विचारला नाही. गाडी इंच इंच करत पलीकडं निघाली तेव्हा कुठं त्यांनी दोनदा घंटी मारली, टिंगटिंग, चला.

सिमची गोष्ट मी आबांना फोनवर सांगितली तेव्हा त्यांनी हेच पुन्हा सांगितलं, मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं. पण ह्या वेळी शेवटी म्हणाले, "घाटात भाऊ गप्प असला की मला गाडी हलकी लागायची."

गप्प म्हणजे रिकामं नाही, हे मात्र बाहेरच्यांना सांगावं लागतं. पायलट स्टँड बाय म्हणाला की माझ्याकडं कामांचा डोंगर असतो. घंटा दाबून फुल इमर्जन्सी जाहीर करायची. ज्या रनवेवरून तो गेला त्यावर इंजिनाचे तुकडे, टायरचे तुकडे, पक्ष्याचं काही पडलेलं असू शकतं म्हणून पुढचं विमान रनवेवर उभं असेल तर त्याला थांबवायचं आणि जीप पाठवून रनवे तपासून घ्यायचा. उतरायला येणाऱ्यांना वर थांबवायचं. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथं तासाला चाळीसच्यावर विमानं उतरतात-उडतात आणि दोन रनवे एकमेकांना छेदतात, तिथं एक रनवे दहा मिनिटं बंद म्हणजे आकाशात रांग. फ्रीक्वेन्सीवरच्या बाकीच्यांना गप्प करायचं किंवा दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर घालवायचं, पण मेडेवाल्याला हलवायचं नाही, त्याला नवी फ्रीक्वेन्सी लावायला सांगणं म्हणजे पाप. माणसं किती ते फोनवर कंपनीला विचारायचं. तो आकडा उगाच मागत नाही आम्ही, वाईट झालं तर फायरवाल्यांना माहीत हवं की आत किती जणांना शोधायचंय. फक्त तो कुणाला आणि कधी विचारायचा हे कळायला पाहिजे. युरोपात कंट्रोलरना इमर्जन्सीसाठी इंग्रजीत एक सहा अक्षरी सूत्र शिकवतात, त्यात एक अक्षर शांततेचं आहे आणि शेवटचं वेळेचं, म्हणजे पायलटला वेळ द्या.

आणि हे नियम आंधळेपणानं पाळायचे नसतात हेही खरं. विमान खरंच डोंगराकडं जाताना दिसलं तर मी बोलणारच, तिथं संकोच कसला.

बोलायचं कसं ह्याचा उत्तम नमुना मला न्यूयॉर्कचा वाटतो. १५ जानेवारी २००९, लाग्वार्डिया एअरपोर्टवरून निघालेल्या एअरबसच्या दोन्ही इंजिनांत हंस गेले, तीन हजार फूटसुद्धा उंची नव्हती. कॅप्टन सलनबर्गरनी विमान हडसन नदीवर उतरवलं हे सगळ्यांना माहीत आहे, १५५ च्या १५५ माणसं वाचली. पण आमच्या लोकांचा हिरो त्या दिवशीचा कंट्रोलर, पॅट्रिक हार्टन. ती रेडिओवरची बातचीत छापील मिळते. तो प्रश्न विचारत बसत नाही, देऊ करतो. लाग्वार्डियाचा रनवे तेरा चालेल? पायलट म्हणतो, "अनेबल," जमणार नाही. बरं, दुसऱ्या बाजूनं? नाही. मग पायलटच शेजारच्या टीटरबरो एअरपोर्टचं नाव काढतो. बरं, जायचं टीटरबरोला? पायलट आधी हो म्हणतो, मग म्हणतो नाही जमणार. बरं, टीटरबरोचा कुठला रनवे हवा? तर उत्तर येतं की आम्ही हडसनमधे उतरतोय. हार्टननं दिलेल्या प्रत्येक पर्यायाचं उत्तर एका शब्दात देता येत होतं. माणसं किती हे त्यानं विचारलेलं नाही. आणि मधल्या मधे लाग्वार्डिया टॉवरला सांगून टेकऑफ थांबवून टाकले.

मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे की दोघांनीही फ्लाइट नंबर चुकवला. फ्लाइट १५४९ होती, सलनबर्गर १५३९ म्हणून गेले आणि हार्टन १५२९ म्हणाला. कुणी कुणाला दुरुस्त करत बसलं नाही. आमच्याकडं एखाद्या रिव्ह्यूमधे ह्यावर दोन पानं झाली असती!

हार्टननं नंतर अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली. हडसन हा शब्द ऐकला तेव्हा त्याला ती त्या माणसाची स्वतःचीच मृत्यूची शिक्षा वाटली होती, नदीत उतरून लोक वाचत नाहीत असंच त्याला वाटत होतं. विमान रडारवरून गेल्यावरही तो नेवार्क एअरपोर्ट तुमच्या उजवीकडं सात मैलांवर आहे म्हणून सांगत राहिला. कुणी ऐकत नसताना. ते वाचताना मला दरवेळी पाणी पिऊन यावं लागतं.

१२ जून २०२५ नंतर महिनाभर घरचे, शेजारचे, मुलाच्या शाळेतल्या बायका सगळे मला अहमदाबादच्या विमान अपघाताबद्दल विचारत होते, तुला काय वाटतं म्हणून. मला काही वाटत नाही असं सांगायचे, आणि कारणांबद्दल इथंही बोलणार नाही. प्राथमिक अहवालातली एकच ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. मेडे आला, कंट्रोलरनं कॉल साइन विचारली, उत्तर आलं नाही, आणि विमान एअरपोर्टच्या हद्दीबाहेर कोसळताना त्यानं बघितलं. त्या खुर्चीतल्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्याला त्या रात्री झोप लागली असेल का एवढंच मनात येतं.

परवाचीच गोष्ट. आता मी मोठ्या एअरपोर्टवर आहे, माझ्या शेजारी शिकायला नवीन पोरं बसतात, बरीचशी गोंदियाला ट्रेनिंग करून आलेली. रात्री साडेअकरा, एका विमानाला टेकऑफनंतर पक्षी लागला, इंजिनाला कंप. "पॅन पॅन, पॅन पॅन, पॅन पॅन," म्हणजे मेडेच्या एक पायरी खालचं. "इंजिन व्हायब्रेशन, मेंटेनिंग रनवे हेडिंग, स्टँड बाय."

"रॉजर पॅन," मी म्हटलं आणि बटणावरचं बोट काढून घेतलं. स्ट्रिपवर वेळ लिहिली. शेजारच्या पोरीचं तोंड उघडलं होतं, तिला मी डोळ्यांनीच फोन दाखवला. मग बाकीची कामं. रनवे तपासायला जीप, वरच्यांना होल्ड, फायरला कळवलं. घड्याळाकडं बघू नये असं मी पोरांना सांगते आणि मी स्वतः बघत होते. एक मिनिट. दीड मिनिट. पोरीनं फोन ठेवला आणि कागदावर १७८ लिहून माझ्याकडं सरकवलं. मी ह्या वेळी बघितलं.

एक मिनिट पन्नास सेकंदांनी आवाज आला, बाई होती, बहुतेक को-पायलट. "थँक्स फॉर वेटिंग, मॅम. रेडी टू कॉपी?"

"गो अहेड."

परत यायचंय, वीस मिनिटं लागतील, इंधन अमुक, धोकादायक सामान नाही, एकशे अठ्ठ्याहत्तर माणसं. मी आकडा पुन्हा उच्चारून दाखवला, आणि आधीच लिहिलेल्या १७८ च्या खाली परत एकदा १७८ लिहिलं.